भट्टीपाशी थांबलेला पंखा

मंडळी, आज जालन्याच्या एका स्टील कारखान्यात माझ्या संशोधनाची चाचणी होती. उष्णतेपासून वीज करणारी चकती भट्टीच्या तापल्या भिंतीला लावून मी तिला छोटा पंखा जोडला. माझे वडील, अण्णा, त्याच भट्टीवर कामाला आहेत.

पंखा फिरताच त्यांनी सगळ्या कामगारांना हाक मारली. "पहा, माझ्या पोरीनं आगीतून वारा काढला!"

"मंग उद्यापासून घाम न्हाई येणार," कुणीतरी हसलं.

तेवढ्यात चकती तडकली आणि पंखा थांबला. अण्णा बोटानं पाती फिरवत म्हणाले, "फिरून राह्यला की!"

चाचणीत खोटं नको, म्हणून मी पटकन बोलले, "अण्णा, बंद पडलाय तो."

त्यांनी बोट हळूच मागं घेतलं.

चकती पुन्हा करता येईल. पण घरात शिकलेली पहिलीच मी, सगळ्यांसमोर मिनिटभर गप्प बसायला हवं होतं का?