महिपतीची मोटार उचलण्याची रीत

बदलापूर ठेसनावरून नदीच्या अंगाने कोसभर चालत गेलं की महिपतीचं गाव लागायचं. पंचवीस-तीस घरं, पुढे भाताची खाचरं, मागे डोंगर. त्या गावात बांध घालावा तो महिपतीने. त्याने घातलेला बांध सात पावसाळे खचत नसे. पण त्याचं मन मातीत जेवढं होतं तेवढंच लोखंडात होतं, आणि ते लढाईच्या दिवसांत तिकडे गेलं होतं.

लढाईच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली, तेव्हा आसपासच्या गावांतला धट्टाकट्टा माणूस तिथे रोजाने लागला. महिपतीला मोटारखात्यात धुण्यापुसण्याचं काम मिळालं. तीन वर्षं तो लॉऱ्यांच्या पोटाखालचा चिखल काढत होता आणि चिखल काढता काढता ते पोट पाठ करत होता. कुठला नट कुठे बसतो, कुठली पट्टी कशाला धरते, हे त्याला कुणी शिकवलं नाही. तो बघत राहिला, एवढंच.

मग लष्कर गेलं. बराकी काही दिवस ओस पडल्या आणि नंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी भरून गेल्या. छावणीचं उल्हासनगर झालं. लष्कराने टाकलेल्या जुन्या जीपा आणि लॉऱ्या लोकांच्या हाती आल्या, आणि त्या दुरुस्त करायला माणूस हवा होता. महिपतीने आपल्या खळ्यावर काम सुरू केलं. भात झोडून झालं की पेरणीपर्यंत खळं रिकामंच असतं. नट सोडवायचे पाने होते, हात होते, हाताखाली बायकोचा धाकटा भाऊ धर्मराज होता. नव्हता तो जॅक. चांगल्या जॅकच्या किमतीत त्या वेळी बैल आला असता.

जॅक नाही म्हणून महिपतीचं अडलं नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण द्यायचं असलं की शेतकरी काय करतो? जू जमिनीला टेकवतो, एक बाजू खांद्याने उचलतो आणि खाली लाकडाचा टेकू देतो. गाडी जागची हलत नाही. लहानपणापासून महिपतीने हे शेकडो वेळा केलं होतं. मोटारही त्याने तशीच उचलली.

ती जीप टेकचंदची होती. टेकचंद हा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला लाकडाचा व्यापारी, बदलापूरच्या रानातून जळण न्यायचा. मागचं चाक तेल गाळत होतं. महिपतीने हातब्रेक ओढला, दोन गडी लावून मागची बाजू उचलली, ऐनाच्या लाकडाचा टेकू दिला, चाक काढलं. धर्मराज शेजारी पाय पसरून बसला होता, नट पुसून पुसून फडक्यावर मांडत होता. खळ्याला डोळ्याला दिसणार नाही एवढा उतार होता. आणि त्या जीपचा हातब्रेक मागच्या चाकांच्याच जिवावर होता. मागचं एक चाक हवेत गेलं तसा त्याचा जोर संपला. बैलगाडीला दोनच चाकं असतात, पुढे जू टेकलेलं असतं. मोटारीची पुढची दोन चाकं मोकळी उभी आहेत, त्यांना दगड लावला पाहिजे, हे महिपतीच्या मनातच आलं नाही. जीप वीतभर पुढे सरकली. टेकू आडवा झाला. गुडघाभर उंचीवरून लोखंड खाली आलं ते धर्मराजच्या नडगीवर.

कल्याणच्या दवाखान्यात पाय वाचला, पण गुडघ्यापासून काठीसारखा ताठ राहिला. चिखलात उभं राहून लावणी करणं त्याच्या नशिबातून गेलं. त्या वर्षापासून महिपती दोन घरांची शेती करू लागला. धर्मराज दाजींना एका शब्दाने बोलला नाही. ओसरीवर बसून सुंभ वळायचा, आणि महिपती समोरून गेला की सुंभाकडे बघायचा.

विठाने, महिपतीच्या बायकोने, सगळे पाने एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. ती म्हणाली, "एक पाय गेला तेवढा पुरे." त्यानंतर दोन वर्षं त्या घरात मोटारीचं नाव निघालं नाही.

महिपतीने ते मान्य केलं होतं. पण रस्त्याने एखादी गाडी कण्हत गेली की त्याची मान वळायची आणि तिला काय दुखतंय ते त्याला कळायचं.

अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात विष्णुपंत नावाचे अधिकारी होते. त्यांच्या घरी महिपती दरसाल तांदूळ घालायचा. मायदेशी परतलेल्या एका गोऱ्या साहेबाची छोटी निळी मोटार त्यांनी घेतली होती आणि घरामागे पत्र्याची शेड बांधून त्यात ठेवली होती. एका थंडीत महिपती तांदळाचं पोतं उतरवत होता, तर ती मोटार एका कुशीवर कललेली दिसली. त्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं की मागच्या कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, पट्टी तुटली आहे. विष्णुपंतांनी लगेच त्याला धरलं. कल्याणच्या गॅरेजात दोनदा जाऊन ते कंटाळले होते. मोटारीबरोबर आलेल्या जॅकच्या स्क्रूचा आटा मोडला होता. तूच कर म्हणाले.

महिपतीने सांगितलं की तो आता मोटारीखाली जात नाही. मग म्हणाला, वर घ्यायची सोय करून देतो, खाली जाणारा माणूस तुम्ही बघा. कारखान्यातला फिटर दिनानाथ यायला तयार झाला.

आता ती सोय कशी करायची? महिपतीने आधी शेडच्या बाजूला खड्डा खणला, म्हणजे मोटार जमिनीवरच राहील आणि माणूस खाली उतरेल. दोन हातांवर पाणी लागलं. मग त्याने मुरूम आणि दगड घालून दोन बांध रचले, चाकोरीएवढ्या अंतरावर, एका टोकाला उतरते. मोटार त्यावर झोकात चढली, आणि विष्णुपंत खूष झाले, कारण तेल बदलायला ती सोय उत्तम होती. पण कमान काढायची तर चाक लोंबतं पाहिजे. बांधावर चाक टेकलेलंच राहणार. शेवटी त्याने अंगणातल्या फणसाच्या जाड फांदीला साखळी बांधली, कप्पी लावली आणि मोटारीचं बूड वर खेचलं. निळी मोटार फणसाला लोंबणाऱ्या फळासारखी दिसत होती.

दिनानाथ आला. त्याने फांदीकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, चहा घेतला. मग सरळ विचारलं, "महिपतराव, तुम्ही स्वतः जाता का हिच्याखाली?"

महिपती साखळीची गाठ चाचपत राहिला.

दिनानाथ हसला नाही, रागावला नाही. सायकलवर टांग मारून निघून गेला. महिपतीने मोटार हळूच खाली सोडली आणि बदलापूरची वाट धरली. शरमेने त्याचे कान तापले होते. ज्याखाली आपण जाणार नाही, त्याखाली दुसऱ्याच्या लेकराला घालायला आपण निघालो होतो, हे त्याला रुळांच्या कडेने चालता चालता पुरतं उमगलं. एकदा धर्मराजला घातलं होतंच.

त्या वाटेवर त्याने एक गोष्ट ठरवली. मोटार पडणार नाही, असं आता म्हणायचं नाही. लोखंड आहे, कधीतरी पडणारच. पडली तर किती पडेल, एवढं आपल्या हातात ठेवायचं.

बदलापूरच्या यार्डात रेल्वेचे रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर विकायला काढले होते. कुजकी टोकं उडवून आतलं घट्ट लाकूड त्याने निवडलं, घरी आणलं, हात-हातभर तुकडे केले. फळ्याही तासल्या, बोटभर जाडीच्या, चांगल्या चाळीसेक. ऐनाचा बारा हात लांब वासा घेतला आणि त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी ठोकली. मग आपल्या बैलगाडीत दगड भरले, आख कुरकुरेपर्यंत भरले, आणि घरासमोर ती गाडी उचलायला बसला.

रीत अशी होती. आधी जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी मारायच्या. मग वासा एका ठोकळ्यावर टेकवून त्याच्या लांब टोकावर भार द्यायचा. गाडी बोटभर उठली की थांबायचं आणि खाली एक फळी सरकवायची. पुन्हा बोटभर, पुन्हा फळी. पुरेशा फळ्या झाल्या की त्या काढून तिथे स्लीपरचे तुकडे, दोन लांबीत निजवलेले, त्यावर दोन आडवे, विहिरीच्या चौकटीसारखे. तेही सगळ्या फळ्या एकदम न काढता, एका बाजूच्या फळ्यांवर भार ठेवून, मगच. घाई करायची नाही. कोणत्याही क्षणी गाडी आणि लाकूड यांच्यात एका बोटापेक्षा जास्त हवा राहू द्यायची नाही.

आणि मग तो मुद्दाम वासा सोडून द्यायचा. दगडांनी भरलेली गाडी धाडकन बसायची. महिपती वाकून बोट घालून बघायचा. बोटभरच. पुन्हा उचलायचा, पुन्हा पाडायचा. गावातली माणसं येता-जाता उभी राहायची. कुणी म्हणालं, महिपतीला दगडांची दृष्ट काढायला सांगितली आहे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पौषाचा अख्खा महिना हे चाललं. विठा दारातून बघत असे. तिने त्याला बोल लावला नाही, पण माळ्यावरचं गाठोडंही खाली दिलं नाही.

एके दिवशी ओसरीवरून धर्मराज काठी टेकत आला. काठीनेच गाडी पाडून दाखवायची खूण केली. महिपतीने पाडली. धर्मराजने स्वतः बोट घालून पाहिलं. तो दाजींशी दोन वर्षांनी जे पहिलं वाक्य बोलला ते असं, "बैलगाडीला दोन चाकं, दाजी. चार चाकांची दाखवा, मंग बोलू."

माघात एका रविवारी तिघं अंबरनाथला गेले. गाडीत स्लीपर, फळ्या, वासा, वर विठा आणि धर्मराज. विष्णुपंत पायजम्यातच शेडपाशी उभे होते. त्यांना वाटलं, कमान बदलायला अख्खं घर कशाला आलं? पण विठाच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं नाही.

महिपतीने पुढच्या दोन्ही चाकांना पाचरी मारल्या, हाताने हलवून पाहिल्या, पुन्हा मारल्या. वासा लावला. बोटभर, फळी. बोटभर, फळी. ऊन अंगणातून शेडच्या उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा मोटारीचं बूड दोन्ही अंगांनी स्लीपरच्या चौकटींवर बसलं होतं आणि मागची चाकं हवेत लोंबत होती. विष्णुपंत म्हणाले, छान, आता दिनानाथला निरोप धाडतो.

"निरोप नको," धर्मराज म्हणाला. "दाजी, तुमी खाली निजा. मी वरून धक्का देतो."

विष्णुपंतांनी चष्मा काढला. मध्ये पडावं असं त्यांना वाटलं असणार, पण त्या अंगणात त्यांचा अधिकार चालत नव्हता. महिपतीने विठाकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती, पदराचं टोक मुठीत. तिने नको म्हटलं नाही. तिलाही ते बघायचं होतं.

महिपतीने गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत मोटारीखाली गेला. छातीपासून वीतभर वर तेलकट लोखंड. डाव्या हाताला स्लीपर, उजव्या हाताला स्लीपर. त्याला लाकडाचा डांबरट वास आला. मग काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि धर्मराजचा ताठ पाय शेडच्या भुईवर घट्ट रोवलेला दिसला.

पहिला धक्का खांद्याचा होता. मोटार कुरकुरली. दुसऱ्या धक्क्याला धर्मराजने अंगातलं सगळं लावलं. त्यात दोन पावसाळ्यांची हुकलेली लावणी होती, ओसरीवर वळलेलं सगळं सुंभ होतं. पत्र्याची शेड थरथरली. वरून मातीचे कण महिपतीच्या डोळ्यात पडले, तरी त्याने डोळे मिटले नाहीत. तिसरा. चौथा. धर्मराज मागून देत होता, बाजूने देत होता, धापा टाकत होता. चौकटीतलं एकही लाकूड जागचं सरकलं नाही.

मग धक्के थांबले.

"आवं," विठाचा आवाज आला, "हाय का जागेवर?"

"जागेवर हाय," महिपती खालून म्हणाला. "आता आलोच हाय तर पट्टी काढतो. पाने दे."

विठा बैलगाडीपाशी गेली. गवताखालून तिने लुगड्याच्या तुकड्यातलं गाठोडं काढलं. सकाळी माळ्यावरून ते तिने कधी उतरवलं आणि गाडीत कधी ठेवलं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिने ते भावापुढे ठेवलं. धर्मराज मोटारीपासून दोन हात लांब, पाय पसरून बसला आणि कुठला पाना म्हणून विचारू लागला. संध्याकाळपर्यंत नवी पट्टी बसली आणि निळी मोटार चारी चाकांवर सरळ उभी राहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी टेकचंदने चार नंबर कॅम्पात बराकीमागची जागा त्यांना वापरायला दिली. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास महिपतीकडे जॅकही आला. तो उचलण्यापुरता वापरायचा, गाडी पेलायला कधीच नाही. उचललेल्या गाडीखाली स्लीपरची चौकट बसलीच पाहिजे, आणि ती बसली की काम थांबायचं, धर्मराज काठी बाजूला ठेवून उठायचा आणि गाडीला चारी अंगांनी धक्के द्यायचा. त्याचं समाधान होईपर्यंत महिपतीसुद्धा खाली जात नसे. गिऱ्हाइकं वैतागायची. एकदा एका लॉरीवाल्याला घाई होती. तो ओरडला की हा लंगडा रोज गाड्या ढकलत बसतो, याला दुसरं काम नाही का?

धर्मराजने पाचवा धक्का देऊन घेतला, मग त्याच्याकडे वळून सांगितलं, "हेच माझं काम हाय, शेट. खाली माझ्या बहिणीचा नवरा जातो."

महिपती गोणपाट घेऊन खाली सरकला.