शहनाजनं न काढलेलं कुलूप

दोंडाईच्याच्या मोहल्ल्यात लग्न ठरलं की बायकांच्या बाजूचे फोटो शहनाजनंच काढायचे, हे ठरलेलं. दुकान नवऱ्याचं, नूर महंमदचं. पण पडद्यामागचा संगणक तिचा. तिथं ती फोटो निवडी आणि दुकानातल्या पुढच्या संगणकाकडे वायफायवरून छापायला पाठवी. छापलेले फोटो पालथे पडत. नूर महंमद ते न उलटता पडद्याखालून आत सरकवी. फोटो कुणा पुरुषाच्या नजरेस पडणार नाहीत, असा शब्द तिनं बायकांना दिला होता. पेनड्राइव्हवर फोटो घ्यायचे नाहीत, हाही तिचाच नियम. हरवला तर कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

जुन्या विंडोजची देखभाल बंद झाली, म्हणून दोन्ही संगणकांवर नवी घातली आणि कामाची चाल बिघडली. नवी विंडोज प्रत्येक फाइलला न विचारता सांकेतिक आकड्यांचं कुलूप घालून पाठवी, पलीकडे पोचल्यावर ते उघडी. नव्या यंत्राला ते जाणवलंही नसतं. या जुन्या यंत्रांची सगळी ताकद त्यातच जाई. सकाळी पाठवलेला अल्बम दुपारच्या नमाजेपर्यंत पोचत नसे. गिऱ्हाइकं बाकावरून उठून जात.

शेजारी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या शालिग्रामनं पाहिलं. कुलूप बंद केलं तर पूर्वीसारखं पळेल, म्हणाला. मात्र तीन दुकानांत वायफाय एकच. जाणत्याला वाटेतले फोटो उचलता येतील.

"भाभी, काढी टाका. आठे कोन देखस?"

"कोणी देखो नहीं देखो, भाऊ. मी बायासले जबान दिन्ही शे."

म्हणजे इतकी वर्षं फोटो उघडेच जात होते, हे तिला तेव्हा कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही. नूर महंमदनं एकदाच विचारलं, चालेल का असं? तिनं होकारार्थी मान हलवली. पुन्हा त्यानं विषय काढला नाही. गिऱ्हाइकं कमी झाली, तेव्हा त्यांच्यासाठीचा बाक तेवढा आत घेतला.

मग गल्लीतल्या अर्शीचं लग्न निघालं. तिचे पाळण्यातले फोटोही शहनाजनंच काढलेले. अर्शीची आई ओशाळून सांगून गेली, की पोरगी सासरी भडगावला निघण्याआधी अल्बम हवा, म्हणून दुसऱ्याला सांगितलंय.

लग्नात बायकांच्या खोलीच्या दारात एक परका तरुण कॅमेरा घेऊन उभा होता. बायका पदर सावरत, एकमेकींच्या आड होत होत्या. संध्याकाळच्या आत फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागले.

निरोपाच्या वेळी शहनाजनं सवयीनं अर्शीची हनुवटी उजेडाकडे जराशी वळवली. मग हातात कॅमेरा नाही हे ध्यानात येऊन ती बाजूला सरली.