ड्रॅगनची आई

माझा भाचा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर जग चालवतो. त्याला म्हणे गेम मास्टर म्हणतात. खेळ सोपा आहे, उगाच बाऊ करू नये. हा गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि पुढे काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं ते फासा सांगतो. नियम एकच: मास्टरच्या तोंडून निघालं ते घडलं. शब्द परत घ्यायचा नाही.

बिचारा आठवडाभर खपून भुयारं रचतो आणि हे लोक भलतीकडेच उधळतात. एकदा किल्ल्यावर हल्ला करायचा होता, तर खेळायला येणाऱ्या डेंटिस्टबाईंनी दारावरच्या राक्षसाची अक्कलदाढ काढायला घेतली. लिफ्ट मेकॅनिकनं त्याचं डोकं धरलं. किल्ला राहिला बाजूला. भाच्यानं कुरकुर न करता राक्षसाच्या वतीनं दुपारभर बोंब मारली. शेजारी विचारायला आले.

इथवर ठीक होतं. पण पोराचं जमलं ते खेळात तिरंदाज होणाऱ्या मुलीशी, आणि तिच्या आईनं फर्मान काढलं, "हा रविवारी काय करतो ते आधी बघणार, मग लग्नाचं बोलू." बाई विमा कंपनीत आगीचे दावे तपासून रिटायर झालेल्या. जळकं गोदाम बघून काडी मालकानंच लावली हे ओळखणाऱ्या. भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्या, त्या नुसत्या बघत बसतील ना गं?"

"मला काय विचारतोस? खुर्ची दे आणि गप्प राहा."

नुसत्या बसतात कुठल्या! ड्रॅगन गुहेबाहेर आला, मेकॅनिकनं तलवार उपसली, तोच बाई म्हणाल्या, "थांबा. मला ह्यांच्याशी बोलायचंय. काय हो, हे सोनं कुणाच्या नावावर?"

"माझ्याच!" भाचा ड्रॅगनच्या आवाजात गुरगुरला.

"कागदपत्रं?"

"ज... जळली."

"अस्सं. घरी आणखी कोण असतं?"

इथं गडी गडबडला. "आई," म्हणून गेला.

"बोलवा त्यांना."

मुलीनं कपाळाला हात लावला. पण शब्द निघाला तो निघाला. भाच्यानं हात पुसायचा टॉवेल डोक्यावरून घेतला आणि आवाज बारीक केला. "या हो, बसा. ह्या पोराच्या काळजीनं माझे खवले गळायला लागलेत."

"वय काय मुलाचं?"

"चारशे होतील आता. अजून सोन्यावर लोळतोय."

"स्वयंपाक येतो?"

"भाजता येतं."

मेकॅनिक हसता हसता टेबलाखाली गेला. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "चिडल्यावर काय करतो?"

हा प्रश्न ड्रॅगनसाठी नाही हे मेकॅनिकलासुद्धा कळलं. भाचा त्याच म्हातारीच्या आवाजात म्हणाला, "आग ओकतो अशी बोलवा आहे हो. खरं सांगू? रुसून गुहेत जातो. शेपूट तेवढं बाहेर राहतं. ते हळूच ओढलं की येतो आणि आपणच माफी मागतो."

"आणि बायकोनं त्याचं ऐकलं नाही तर?"

"त्याचं ऐकतंय कोण! चारशे वर्षांत त्यानं ठरवलेलं एक काम ठरल्यासारखं झालं नाही. उलट त्यातच गंमत वाटते मेल्याला."

बाई मागे टेकल्या. "मुलगा पसंत आहे."

"आई! कुठला?" मुलगी ओरडली.

"ड्रॅगन."

भाच्याचा चेहरा टॉवेलसकट पडला. बाई माझ्याकडे वळल्या. "आता ह्याचं बोला. हा चिडल्यावर काय करतो हो, आत्याबाई?"

"शेपूट नाही, बाकी सगळं तेच," मी म्हणाले. "काय ते लवकर ठरवा, मला टेबल पुसायचंय."

बाईंनी तो वीस बाजूंचा फासा उचलला. "किती पडावे लागतात?"

"दहाच्या वर," भाचा पुटपुटला.

चार पडले.

जन्मभर खोटे दावे पकडलेल्या त्या बाईंनी सगळ्यांदेखत एका बोटानं फासा उलटवला आणि वीस वर आणले.

"पडले बघा," त्या म्हणाल्या.