ह्यांच्या वाटणीची भाजी

नायगाव पूर्वेला खायला काय मिळतं, असं कुणी विचारत नाही. विरारच्या चिकन-पोह्यांच्या भुजिंगसाठी लोक मुंबईहून गाड्या काढून येतात, वसईच्या सुकेळ्यांचं, त्या उन्हात वाळवलेल्या केळ्यांचं, कौतुक होतं. आमच्या बाजूला टॉवर आणि खाडी, एवढंच लोकांना ठाऊक. माझा मुलगा बंगळूरहून फोनवर विचारतो, "आई, तिथे काही मिळतं का गं?" जशी काही मी वाळवंटात राहायला आले आहे.

मिळतं. सगळं मिळतं, आणि ह्या वयात मी गल्ली न् गल्ली पालथी घातली आहे म्हणून सांगते. हा फ्लॅट आम्ही दोघांनी बुक केला होता. ताबा मिळायला इतका उशीर झाला की तोवर हे गेले. ओटा कुठे हवा यावरून आम्ही कडाकडा भांडलो होतो. शेवटी तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खिडकीखाली झाला आणि त्याच्यापुढे उभी राहिले मी एकटी. एका माणसासाठी कुकर लावायचा म्हणजे नुसती कटकट. भांडी तेवढीच पडतात, आणि जेवताना कुणी नावं ठेवायला नसलं की चवही लागत नाही. म्हणून मी संध्याकाळी पिशवी घेऊन खाली उतरायला लागले.

आमच्या टॉवरांच्या तळमजल्यावर, गाळ्यागाळ्यांतून अख्खा देश रांधत बसलेला असतो. लिट्टी-चोख्याची गाडी आहे. तिथला वांग्याचा चोखा आपल्या भरतापेक्षा सरस आहे, हे आमच्या माहेरच्यांना रुचणार नाही, पण आहे. मालवणी खानावळीतली सोलकढी पाणचट, तिसऱ्यांचं सुकं मात्र झकास. रिक्षा स्टँडच्या मागे खाडीकाठच्या गावांतल्या बायका निवट्या घेऊन बसतात. चिखलातले ते बुळबुळीत मासे मी बरेच दिवस लांबूनच पाहिले. मग एकीने ते राखेत घोळून कसे धुवायचे ते समजावलं आणि मी चक्क आणून खाल्ले.

एकच गोष्ट मला जाचायची. कुठेही गेलं तरी समोरचा माझ्याकडे नीट न बघताच विचारायचा, "पार्सल ना?" साठीची बाई, हातात पिशवी, म्हणजे घरी माणसं जेवायची थांबली असणार. आत टेबलं रिकामी असली तरी मला कुणी बसा म्हणालं नाही, आणि बसते म्हणायचा धीर मलाही झाला नाही. मी पार्सल घेऊन घरी यायचे आणि टीव्ही लावून जेवायचे.

शेवटी मी एका पोळी-भाजीच्या गाळ्याशी स्थिरावले. तो चालवणारी बाई इथल्याच जुन्या गावातली. आमच्या बी विंगच्या जागी तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, असं ती अगदी सहज सांगते. मसाला घरचा, झणझणीत. पहिल्या दिवशी मी सवयीने दोघांपुरत्या पोळ्या सांगितल्या आणि मग जीभ चावून कमी केल्या. तिने भर रांगेत विचारलं, "एकट्याच राहता का, काकू?"

माझं डोकं फिरलं. तिला काय करायचंय? म्हटलं, "नाही, हे आहेत ना घरी. गुडघ्यांमुळे उतरत नाहीत खाली. आणि त्यांना तिखट चालत नाही."

गुडघ्यांचं खरं होतं. तिखटाचंही खरं होतं. फक्त माणूस नव्हता.

त्या दिवसापासून ती माझ्यासाठी दोघांपुरत्या पोळ्या आणि दोन भाज्या बांधायला लागली. एक सगळ्यांसारखी आणि एक मसाला टाकायच्या आधी काकांसाठी बाजूला काढलेली. दुसऱ्या दिवशी विचारायची, काका काय म्हणाले? मी सांगायचे, मीठ कमी वाटलं म्हणाले. ते असते तर हेच म्हणाले असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ती कधी गुडघ्यांसाठी तेल सुचवायची, कधी काकांना म्हणून सुकेळी द्यायची. मग आम्ही दोघी आपापल्या नवऱ्यांच्या कागाळ्या करायचो. नवरा गेल्यावर बाईला त्याची कागाळी करता येत नाही. लोकांना तो देवमाणूसच हवा असतो. आमचे हे देवमाणूस बिलकूल नव्हते. हेकट होते, खाण्याच्या बाबतीत तर फारच. ते तसेच्या तसे मला फक्त त्या गाळ्यापुढे भेटायचे. काकांची भाजी मी सकाळी थंडच खायचे.

मग पितृपक्ष आला. गाळ्यावर पाटी लागली, पानाच्या ऑर्डर घेतल्या जातील. ह्यांची तिथी पंचमी. मागच्या वर्षी मी मुलाकडे होते, तिथेच सगळं झालं. ह्या वर्षी तो म्हणाला, मी एखाद्या आश्रमाला ऑनलाइन देणगी देतो, तू दगदग करू नकोस. मुलगा गुणी आहे, पण जेवायला जरा उशीर झाला तर जो माणूस घर डोक्यावर घ्यायचा त्याला पावती देऊन कसं चालेल? मी गवार आणली, लाल भोपळा आणला. ओट्यापाशी उभी राहिले आणि ह्यांच्या नावाने रांधायला हातच उचलेना. पूल ओलांडून पश्चिमेच्या एका दुकानात जाऊन आले. तिथले वडे पाहूनच कळलं की ताट हे बाजूला सारतील.

त्यांना रुचेल असा हात एकच होता. पण तिथे जाऊन ह्यांचं पान मागायचं म्हणजे त्या एका ठिकाणीही ते गेले असं सांगायचं. ते मला नको होतं. मी ठरवलं, सासऱ्यांचं म्हणून सांगायचं.

पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक काहीतरी असतंच. तिने ते विचारलं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, मला काय माहीत? तोंडून निघून गेलं, बटाट्याची पिवळी भाजी, तिखट नको, वरून ओलं खोबरं. ती हसली. काका अगदी बापावर गेले म्हणाली. मग हात पुसून बाहेर आली.

"पानापाशी काकांनीच बसाया पायजे. खुर्चीवर बसू दे त्यांना. मीच वर घेऊन येते पान, कावल्याचं गच्चीवर ठेवते. एवढे दिवस जेवन देते, काकांना एकदा बगायचं बी हाय."

हॉलमध्ये ह्यांचा फोटो आहे, चंदनाच्या हारासकट. तो कपाटात ठेवावा आणि हे डॉक्टरकडे गेलेत म्हणून सांगावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण त्यांच्याच पानाच्या दिवशी त्यांना कपाटात कोंडायचं?

"पान ह्यांचंच आहे," मी म्हटलं.

तिला समजलं नाही. मी सांगितलं, हे इथे कधी आलेच नाहीत, ताबा मिळायच्या आधीच गेले. मागे कुणीतरी पोळ्या मागत होतं. तिने त्या बांधून दिल्या. मला वाटलं आता ही चिडेल. एवढे दिवस वेगळी भाजी काढायची म्हणजे काय कमी काम होतं?

"मग काकांची भाजी?" तिने विचारलं.

"मी खायचे. सकाळी."

पंचमीला येते म्हणाली ती, आणि शेगडीकडे वळली.

पंचमीला ती आली. धुतलेली साडी, हातात झाकलेलं पान. फोटोपुढे ठेवून तिने वाकून नमस्कार केला, मग ह्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मला वाटलेलं टक्कल असेल," एवढंच म्हणाली. गच्चीवर कावळ्याचं ठेवून ती लगबगीने गेली, तिला अजून घरोघरी पानं पोचवायची होती. पिवळी भाजी अगदी तशी झाली होती. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली उतरले. ती नेहमीसारखी बोलली, उन्हाबद्दल, गॅसबद्दल. बोलता बोलता तिने पोळ्या मोजल्या, कमी. भाजी एकच बांधली. तिचं चुकलं नव्हतं, तिने दुसरं काय करायचं? दोन दे, असं म्हणावंसं मला फार वाटलं, पण कुणासाठी म्हणून सांगणार?

हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. माणसं येत-जात होती, सगळं आवरायचं होतं. आणि आता ती हलकी पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभी होते आणि मला रडू आवरेना. शेजारी कुठल्यातरी वरच्या मजल्यावरची बाई उभी होती, ओळखीचीही नाही. घाबरून तिने माझा दंड धरला आणि विचारलं, काय झालं?

"आमचे हे गेले," मी म्हटलं.