चारशे दहा गुण

आखातात, अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करायला येणारा तो रत्नागिरीचा मेकॅनिक स्टुलाखाली स्वतःच वर्तमानपत्र अंथरायचा. त्या दिवशी काम झाल्यावर हात पुसून त्याने मोबाइल पुढे केला.

"साहेब, पोरीचा निकाल. डेंटलला नंबर लागेल? फॉर्मचा आज शेवटचा दिवस."

सातशेवीसपैकी चारशे दहा. पर्सेंटाइल ब्याण्णव. हा शब्द मला कळत नव्हता, पण तसं म्हणायची लाज वाटली.

"सत्तावन्न टक्केच पडले. कठीण आहे."

"तुम्ही इंजिनियर. तुम्ही म्हणता म्हणजे खलास." त्याने तिथूनच घरी फोन लावला. "फॉर्म भरू नको गं."

संध्याकाळी सुनेला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, शंभरातली ब्याण्णव मुलं तिच्या मागे आहेत!"

मुदत मध्यरात्रीपर्यंत होती. त्याचा नंबर माझ्याकडे होता. चूक कबूल करावी लागेल, म्हणून मी तो लावला नाही.