चौथ्या सीडीवरचे नऊ सेकंद

"ग्लायोब्लास्टोमा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली.

बारामतीच्या त्या खोलीत आम्ही तिघे होतो. मी, माझी पत्नी सुनंदा आणि पुण्याहून आलेली मुलगी मेघा. ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूतच सुरू होणारा, वेगाने वाढणारा कॅन्सर. सुनंदाच्या मेंदूत तो डाव्या बाजूला, कानाच्या वर होता. माप चार पूर्णांक दोन सेंटिमीटर.

"बरं व्हायचं प्रमाण किती?" मी विचारले.

"पूर्ण बरं होणं नाही. वेळ वाढवता येईल. पण महिन्यांत मोजा, वर्षांत नको."

सुनंदा फिल्मकडे बघत होती. "लिंबाएवढं हाय की," ती म्हणाली.

हे लिहितो आहे ते ज्यांच्या घरी असा कागद नुकताच आला असेल त्यांच्यासाठी. पहिले लक्षण सहा आठवडे आधीच दिसले होते. स्वयंपाक करताना तिने हात पुढे करून "ते द्या... ते, आमटी वाढायचं" म्हटले. तिला पळी हा शब्द सापडत नव्हता. मी हसलो होतो. तुमच्या घरात कोणाला रोजचे शब्द अडायला लागले, तर हसू नका. डॉक्टरांकडे जा.

पुण्यात ऑपरेशन झाले. सगळी गाठ काढता आली नाही. मग रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, एकूण तीस वेळा. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात. आत दहा मिनिटे, बाहेर थांबणे दोन-दोन तास. तिथे पाणी, शाल आणि फायली बरोबर ठेवा. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा.

तिचे बोलणे कमी होत गेले. याला अफेजिया म्हणतात. माणसाला समजते, पण शब्द बाहेर येत नाहीत. मी एक वही केली. डावीकडे त्या दिवशी आलेले शब्द, उजवीकडे अडलेले. उजवी बाजू भरत गेली.

आता सीडीविषयी सांगतो.

मेघा लहान असताना बारामतीच्या स्टँडजवळून मी एका विनोदी कौटुंबिक मालिकेच्या बारा सीडींचा संच आणला होता. एक घर, त्यातली भांडखोर माणसे, आणि सगळ्यांना पुरून उरणारी सासू. शेळगावला आमच्या मळ्यातल्या घरी इंटरनेट आजही धड चालत नाही, म्हणून तो संच आणि प्लेअर दोन्ही टिकले. चौथी सीडी मेघाने सहा वर्षांची असताना फरशीवर घसरगुंडीसारखी सरकवली. तेव्हापासून एका जागी ती अडकायची. दारात भांडायला आलेले व्याही उभे, सासू कमरेवर हात ठेवते, तोंड उघडते आणि चित्र थांबते. मी घड्याळ लावून पाहिले होते, बरोबर नऊ सेकंद.

त्या नऊ सेकंदांत सासूचे वाक्य सुनंदा म्हणायची. कमरेवर हात ठेवून, तोच आवाज काढून, "आधी चहा घ्या, मग भांडू!" मग सीडी सुटायची आणि सासू तेच म्हणायची. पाहुणे आले तरी हा कार्यक्रम व्हायचाच. माझे थोरले भाऊ तात्या दर वेळी म्हणायचे, "सुनंदा, च्या कुठंय? नुसतं बोलतीस." आणि ती मला म्हणायची, "आवं, घड्याळ कसलं लावताय? मी काय आगगाडी हाय?"

रेडिएशनच्या वेटिंग रूममध्ये मेघाने हीच मालिका मोबाइलवर लावून दिली. एका ॲपवर ती सगळी आली आहे. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. तो प्रसंग आला, सासूने न थांबता वाक्य म्हटले. सुनंदाने मोबाइल बाजूला सारला.

"अडकली न्हाय," ती म्हणाली. "ही आपली न्हाय."

तेव्हाच मला समजायला हवे होते.

तीस सिटिंग संपवून आम्ही शेळगावला आलो. निदानानंतर सातव्या महिन्यात वहीच्या डाव्या रकान्यात दिवसाला चार-पाच शब्द उरले. माझे नावही उजवीकडे गेले. पण चौथी सीडी लावली की त्या जागी तिचा हात कमरेवर जायचा आणि वाक्य पूर्ण यायचे. पाचही शब्द, त्याच ठसक्यात. डॉक्टरांना सांगितले तर ते म्हणाले, "याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. पाढे, आरत्या, वर्षानुवर्षे म्हटलेली वाक्ये. ती वेगळ्या वाटेने येतात, म्हणून शेवटपर्यंत राहू शकतात. लावत जा."

आम्ही रोज संध्याकाळी पाच वाजता लावू लागलो. रोज वापरल्याने असेल, सीडी जास्त अडकू लागली. नऊचे पंधरा झाले, मग सव्वीस. एका शनिवारी ती तिथून पुढे गेलीच नाही. ही सीडी गेली तर तिचे वाक्यही जाईल, अशी मला भीती वाटली. रविवारी सकाळी मी ती टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासली. मधून कडेकडे, हलक्या हाताने, वीस मिनिटे. धुऊन, पुसून लावून पाहिली. कुठेही अडकली नाही. मला समाधान वाटले. वहीत लिहिले, "सीडी दुरुस्त."

पाच वाजता सगळे बसलो, पुण्याहून आलेली मेघाही. व्याही दारात आले. सुनंदाचा हात कमरेवर गेला, तिने तोंड उघडले, आणि पडद्यावरची सासू बोलून मोकळी झाली. प्रसंग पुढे गेला. सुनंदाचा हात कमरेवर तसाच होता. तिने माझ्याकडे पाहिले. मग हात हळूच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्या जागी रिमोटने चित्र थांबवले. ती रिमोटकडे बघत राहिली. पुन्हा मागे नेऊन थांबवले. असे आठ वेळा केले.

"पप्पा, बास करा," मेघा रडत म्हणाली. "परीक्षा घेताय का तिची?"

ते वाक्य परत आले नाही. दुसरा कोणताही शब्द आला नाही.

त्याच आठवड्यात एमआरआय झाला. गाठ पाच पूर्णांक आठ. डॉक्टरांनी मला बसवून सांगितले, "तुम्ही सीडी पुसली म्हणून वाचा गेली नाही. गाठ वाढली म्हणून गेली." मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे, त्यामुळे हे मला पटते. पण त्या रविवारी तिचा हात कमरेवर गेला होता, तोंड उघडले होते. त्याचा आकडा कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही.

निदानापासून दहा महिने आणि चार दिवसांनी, सकाळी, घरीच ती गेली. शेवटी ज्यांनी तिला वेदना होऊ दिल्या नाहीत त्या डॉक्टरांचे, आणि रोज मास्क बसवताना "झालं हं काकू" म्हणणाऱ्या मुलीचे मी आभार मानतो. त्या मुलीचे नाव विचारायचे राहून गेले.

तुम्हाला एकच सांगतो. माणसाचा आवाज आजच साठवून ठेवा. माझ्या मोबाइलमध्ये सुनंदाचे दोनशे बारा फोटो आहेत. ते वाक्य म्हणतानाचा आवाज एकदाही नाही. आणि ज्या मोडक्या वस्तूभोवती घराची सवय बसली आहे, ती दुरुस्त करण्याआधी घरच्यांना विचारा. मी बायकोलाही विचारले नव्हते.

रविवारी तात्या येतात. आम्ही दोघे चौथी सीडी लावतो. व्याही दारात आले, सासूने तोंड उघडले की मी चित्र थांबवतो आणि मनात नऊ मोजतो. तात्या टीव्हीकडेच बघत म्हणतात, "सुनंदा, च्या कुठंय? नुसतं बोलतीस."

मी उठतो आणि चहा टाकतो.