अकरा सेकंदांचं खोकं

आपली मुलगी नेमकं काय शिकते, हे घड्याळबाईच्या आईला पाच वर्षांत कुणालाही धड सांगता आलं नाही. "कारखान्यात बसून बायकांचं काम मोजते," असं ती सांगायची, आणि शेजारणी म्हणायच्या, "अगंबाई, त्यासाठी एवढं शिकावं लागतं?" आता यावर काय बोलणार, कपाळ! पण काम खरंच तेच होतं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधली पीएचडी, विषय पॅकिंगमध्ये वेळ कुठे वाया जातो हा. औषधांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशेजारी स्टूल टाकून ही बसायची, हातात स्टॉपवॉच. खोकं उलगडायचं, आत गोळ्यांच्या दहा स्ट्रिप्स, माहितीचा कागद, झाकण बंद. किती सेकंद? लिहा. पुढचं. घड्याळबाई हे नाव पट्ट्यावरच्या बायकांनीच ठेवलेलं.

पहिल्या महिन्याचे आकडे गाइडनी परत पाठवले. कुठे बारा, कुठे वीस, कुठे सव्वीस. कुणी मध्येच हसतं, कुणी पाठ खाजवतं, दुसरं काय होणार? "हे आकडे आहेत की खेळखंडोबा?" गाइड म्हणाले. ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडली. तिथे मावशीने तिला गाठलं. मावशी म्हणजे पट्ट्यावरची सगळ्यात जुनी बाई. बोटांची पेरं सुजलेली, जीभ मात्र धारदार. "रडतेस काय नवरा पळाल्यासारखी? उद्या ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आकडे असे सुधारले की विचारू नका. अकरा, अकरा, साडेदहा, अकरा. सलग सहा आठवडे! ही खूश, गाइड खूश. बायकांचे हात सरावले, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं आणि त्यावर प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं. एवढी शिकलेली माणसं, पण समोरच्या बाईला "एवढी घाई का गं?" असं एकदा विचारावं, तेवढं काही सुचलं नाही.

कारखान्याने परवानगी एका अटीवर दिली होती: अहवालाची प्रत मॅनेजरला द्यायची. तिने दिली, सही करून. पंधरा दिवसांत भिंतीवर नोटीस लागली. यापुढे एका खोक्याला अकरा सेकंद. महिनाभरात जिला जमणार नाही, ती कामावरून कमी.

बातमी कळल्यावर ती धावत आली. मावशीच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"मावशी, तेव्हा तर तुम्हाला जमत होतं!"

"अगं, तू बसायचीस तो तासभर जीव काढून पळायचो आम्ही. तुझा अभ्यास बुडू नये म्हणून. आठ तास कोण पळेल?"

तशीच ती मॅनेजरकडे गेली. तो भला माणूस, त्याने पाणी विचारलं, खुर्ची दिली. "मॅडम, आकडे तुमचे, सही तुमची," तो म्हणाला. "आता तुम्हीच चूक म्हणता?" पुन्हा मोजू द्या म्हटलं, तर परवानगीची मुदत संपलेली.

गाइडनी चष्मा काढून डोळे चोळले. "प्रबंध मागे घेशील तर पुन्हा मोजणार कुठे? नोंदणी संपायला चार महिने उरलेत. डिग्री जाईल हातची."

तरी तिने प्रबंध मागे घेतला. पाच वर्षं! आईला सांगायची हिंमत झाली नाही. मागे घेतल्याचं पत्र तिने कारखान्यालाही पाठवलं, आकडे चुकीचे आहेत असं ठळक लिहून. दोन ओळींचं उत्तर आलं. आकड्यांबाबत कंपनीची काहीही तक्रार नाही, आभारी आहोत.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती पाळी सुटताना फाटकाबाहेर उभी राहिली. मावशीचे पाय धरायचे, एवढंच तिच्या मनात होतं. पण मावशीने तिला बोलूच दिलं नाही. दंडाला धरून कट्ट्यावर बसवलं आणि पिशवीतून एक घडी केलेलं खोकं, कागद आणि रिकाम्या स्ट्रिप्स काढल्या.

"बरी भेटलीस. सोमवारी सुपरवायझर मोजणार आहे. घरी रोज करते, पण मोजायला कोणी नाही. घड्याळ लाव बघू."

"मावशी, माझं ऐका तरी..."

"आधी लाव."

तिने पर्समधलं स्टॉपवॉच काढून बटण दाबलं. मावशीच्या सुजलेल्या बोटांतून कागद दोनदा निसटला. झाकण बसलं तेव्हा काट्यावर सतरा सेकंद होते. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "किती गं?"

घड्याळबाईने स्टॉपवॉच मुठीत झाकलं.

"बारा."

"बारा? अगंबाई!" मावशीचा चेहरा उजळला. तिने खोकं भराभरा उलगडलं. "म्हणजे एकच राहिला की! परत लाव."